कामाची भीती

बनारसला दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत सांड आडवा बसला की माणसांचे दोन प्रकार पडायचे. पहिला, त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून “सरक रे बाबा” म्हणत पुढे जाणाऱ्यांचा. यात आमचं अख्खं घर आलं, आणि लग्न होऊन सांगलीहून आलेली मीही आले. दुसऱ्या प्रकारात आत्या एकट्याच होत्या. पानवाल्याच्या फळीला पाठ लावून, बॅग पोटाशी घट्ट धरून त्या उभ्या राहायच्या, सांड उठेपर्यंत. तिकडे त्यांच्या दवाखान्यात बायका ताटकळत बसलेल्या, आणि इकडे डॉक्टरीणबाई सांडाची मर्जी बघत उभ्या. शेवटी कुणीतरी शिळी पोळी दाखवत सांडाला दुसऱ्या गल्लीत घेऊन जायचं. मग आत्या भिंतीला चिकटून पुढे सरकायच्या.

त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, कुणाच्याच नव्हेत. वडील ब्रह्माघाटावर वेद शिकवायचे. ही मुलगी डॉक्टर झाली, बायकांची डॉक्टर. सरकारी नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या खालच्या खोलीत दवाखाना थाटून बसली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, मंगला गौरी इथली सगळी मराठी घरं त्यांना आत्या म्हणत. हिंदी बोलणारे तोंडावर डाक्टर साहिब म्हणत आणि पाठीमागे ‘डरपोक डाक्टरनी’. दोन्ही नावांत माया सारखीच होती.

भीती म्हणावी तर त्यांना कशाची वाटत नसे? माकडांची वाटे, म्हणून काठी. लिफ्टची वाटे, म्हणून जिने. कुकर लावला की त्या दुसऱ्या खोलीत जाऊन उभ्या राहात आणि तिथून शिट्ट्या ऐकत. आणि पाणी! गंगेच्या काठावर जन्म गेला, पण नावेत कधी पाऊल ठेवलं नाही. वडिलांच्या अस्थी भाऊ नावेतून मधल्या धारेत घेऊन गेला तेव्हा या पायरीवर उभं राहून हात जोडत होत्या. हे सगळं त्या मोकळेपणी सांगत. आपल्याला संधिवात आहे असं एखादीनं सांगावं, तितक्या सहज.

गळ्यात स्टेथोस्कोपाच्या जोडीला शिंप्याची टेप लटकलेली असे. नवी पेशंट बुचकळ्यात पडायची की ही बाई पोट तपासणार की ब्लाऊजचं माप घेणार.

दवाखान्यात मात्र एक गोष्ट त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकली नाही. “घाबरू नका” हे शब्द. जगातला प्रत्येक डॉक्टर दिवसातून शंभरदा हे म्हणत असेल, आत्या एकदाही नाही. उलट त्या विचारत, “कशाची भीती वाटतेय? सांग बघू.” बाई सांगायला लागली की त्या भाजी निवडावी तशा तिच्या भीती निवडत. “ग्रहणात सुरी हातात घेतली? बिनकामाची. सोड. मुलगी होईल म्हणून? ती तर अगदीच बिनकामाची, आणि सासूला सांग मी असं म्हटलं म्हणून. डोळ्यांपुढे चमकतं आणि डोकं फुटतंय? ही कामाची. ही मला दे.” मग मात्र त्या खुर्चीतून उठत, आणि मोठ्या दवाखान्यात जाईपर्यंत त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना सुखानं बसू देत नसत.

बहुतेक वेळा मोठ्या दवाखान्यात काही निघत नसे. घरचे चिडत, पैसे गेले म्हणत, नकला करत. आत्यांची रीत अशी, की त्यांची भीती खोटी ठरली की दुसऱ्या दिवशी त्या स्वतः पानांच्या दोन्यात लवंगलता घेऊन त्या घरी हजर. मैद्याच्या पुडीत खवा भरून, वरून लवंग टोचून, तळून पाकात बुडवलेली ती मिठाई सगळ्या गल्लीच्या ओळखीची झाली होती. “माझी भीती खोटी ठरली, तोंड गोड करा,” म्हणायच्या. लोक हसत हसत खायचे. गल्लीत कुणाच्या हातात तो दोना दिसला की पानवाला ओरडायचा, “का हो, डाक्टर साहिब फिर डेराय गइलीं?”

यासाठीचं सामान त्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. त्याला नाव ‘भीतीचा डबा’. आत कसली कसली इंजेक्शनं. वापरली जात नसत, मुदत संपली की फेकून पुन्हा तीच विकत आणायची. सासूबाई म्हणायच्या, “ताई, एवढ्या पैशात तुमची चारधाम यात्रा झाली असती.” यावर आत्या म्हणत, “मला डोंगराचीही भीती वाटते.”

मला त्या सुरुवातीला मुळीच आवडल्या नव्हत्या. दिवस गेले तेव्हा माझ्या मनात होती एखादी हसतमुख, लिपस्टिकवाली डॉक्टर. सासूबाईंनी नेलं ते या शिंपीणबाईंकडे. “कशाची भीती वाटतेय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मला नाही वाटत कशाची भीती.” शाळेत मी पुराच्या कृष्णेत उड्या मारलेली मुलगी, उगाच काय सांगायचं? आत्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मग तुझं कठीण आहे.” मला असा राग आला की घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, तुमच्या आत्यांना आधी एखाद्या डॉक्टरला दाखवा.”

सातव्या महिन्याच्या तोंडाशी मी चुलतबहिणीच्या लग्नाला सांगलीला जाऊन आले. परतीचं तिकीट अर्धवट मिळालं. म्हणजे एका बाकावर दोघांनी बसायचं, झोपायचं नाही. वाटेत इतकी गर्दी चढली की खाली पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्यांनी बजावून सांगितलं होतं, मधून मधून उठ, चाल, पाणी पी. चालणार कुठे, माणसांच्या डोक्यांवरून? पाय दुमडून बसले ती बनारस येईपर्यंत तशीच.

घरी आल्यावर डावा पाय जड वाटायला लागला. पोटरीत ओढ लागल्यासारखं दुखायचं. दुसऱ्या दिवशी डाव्या पायातली जोडवी बोटात रुतली. सासूबाईंनी साबण लावून, बोट चोळून चोळून ती काढली. उजव्या पायातली सैलच होती. पण सासूबाई म्हणाल्या, “एका पायात जोडवी आणि दुसरा पाय भुंडा, हे बरं नव्हे. सवाष्णीनं असं राहू नये.” उजवीही काढली, आणि दोन्ही पायांच्या बोटांना हळदीत बुडवलेला दोरा बांधला. आमच्या घरात अशी पद्धतच आहे. त्यात वाईट काही नव्हतं, प्रेमच होतं. पण त्या दिवसापासून जो तो म्हणायला लागला, “पाय सुजलेत हिचे, दोन्ही जोडवी काढावी लागली.” शेजारणीला सासूबाईंनी हेच सांगितलं, फोनवर माझ्या आईला मीही हेच सांगितलं. सातव्या महिन्यात पाय सुजतातच, आई म्हणाली. डावं आणि उजवं हा फरकच आमच्या बोलण्यातून निघून गेला.

मग शिवरात्र आली. सकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर निघाले आणि जिन्याच्या मध्यावर थांबले. धाप म्हणतात ती मला माहीत होती. ही ती नव्हती. श्वास आत जायचा, पण पोचायचा नाही. मी जोरात घ्यायला गेले तर उजव्या बरगडीखाली दाभण टोचल्यासारखी कळ आली. मी पायरीवर बसले. छातीत धडधड धडधड. आणि भीती वाटली. कशाची ते कळेना. आधी भीती आली, कारण मागून आलं. पुराच्या पाण्यात कधी वाटली नव्हती अशी भीती, स्वतःच्याच घराच्या जिन्यात, लख्ख उन्हात.

“बाळ वर सरकलंय,” सासूबाई म्हणाल्या. “माझाही सांस असाच फुलायचा. मी चार पावसाळे जास्त पाहिलेत, आराम कर जरा.”

“ॲसिडिटी असेल,” नवरा म्हणाला. “कालपासून फक्त चहा पितेयस. टेन्शन नको घेऊस.”

दोघंही मायेनंच बोलत होते, आणि त्या मायेनं माझी भीती आणखीच वाढली. कारण मला समजत होतं की मी आत्ता काहीही सांगितलं तरी ते असंच म्हणतील. मी म्हटलं, “मला आत्यांकडे न्या.” आजवर मी होऊन कधी हे म्हटलं नव्हतं. सासूबाई साबुदाणा तसाच टाकून उठल्या.

आत्यांचं घर चार दारं सोडून. तेवढ्यात मला भिंत धरून उभं राहावं लागलं. दार उघडताच आत्या नुसत्या ऐकत राहिल्या. माझा श्वास ऐकत होत्या. मग मला खुर्चीवर बसवलं, बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघितला, नाडी धरली, आणि खाली वाकून माझे पाय बघितले. दोन्हींच्या बोटांना पिवळा दोरा.

“दोन्ही सुजलेत?”

“दोन्ही, ताई,” सासूबाई म्हणाल्या. “दोन्हीतली जोडवी काढली ना मी.”

आत्या सरळ झाल्या. क्षणभर मला वाटलं, झालं, याही आता म्हणणार सातव्या महिन्यात सुजतातच. पण त्यांनी गळ्यातली टेप काढली. जमिनीवर बसून आधी उजव्या पोटरीचं माप घेतलं, मग डाव्या पोटरीचं. मग पुन्हा उजव्या. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्याचा रंग गेला होता.

“रुतलं कुठलं होतं?” त्यांनी सासूबाईंना विचारलं. “काढलीत दोन्ही, ते कळलं. रुतलं कुठलं होतं?”

सासूबाई गोंधळल्या. “डावं. उजवं तर आपसूक निघालं. पण एका पायात कसं ठेवायचं?”

आत्या उठल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्या मला म्हणाल्या, “मला भीती वाटतेय. कामाची. पायात रक्ताची गुठळी झाली असावी, आणि तिचा तुकडा छातीत गेला असावा. असावा म्हणतेय, खात्री मशीन देईल. पण खात्रीची वाट बघत बसायचं नाही.”

इतके दिवस सगळे त्यांच्या भीतीला हसले होते. त्या खोलीत कुणी हसलं नाही. एक चमत्कारिक गोष्ट सांगते. सकाळपासून पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही.

भीतीचा डबा उघडला. रक्तस्राव होतोय का, पोटात दुखतंय का, अल्सर आहे का, एकामागून एक विचारलं, वजन विचारलं आणि पोटावर एक बारीक सुई टोचली. “गुठळी वाढू नये म्हणून. बाळापर्यंत हे औषध पोचत नाही.” इतक्या वर्षांत त्या डब्यातलं ते इंजेक्शन कुणाला टोचलेलं गल्लीनं पाहिलं नव्हतं.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. एरवी पेशंटला खुर्चीत बसवून वरच्या रस्त्यापर्यंत नेतात, पण शिवरात्रीला वरचे सगळे रस्ते बांधलेले, दर्शनाच्या रांगा गल्ल्यांतून वळलेल्या. नवरा फोन करून करून रडकुंडीला आला. “सगळीकडे जाम आहे आत्या, कुणीच येत नाहीये!”

“नाव,” आत्या म्हणाल्या. “मोटरची. असी घाटाला उतरू, तिथे गाडी उभी राहील.”

मल्लाह ओळखीचा होता, त्याची मुलं आत्यांच्याच हाताखाली झालेली. त्यानं आणि नवऱ्यानं मला दवाखान्याच्या खुर्चीसकट उचललं आणि घाटाच्या पायऱ्या उतरले. मागून सासूबाई. मला वाटलं आत्या पायरीवर उभ्या राहतील आणि हात जोडतील. त्यांनी पदर खोचला आणि नावेत पाय ठेवला. नाव डुलली तशी त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

“अरे डाक्टर साहिब!” मल्लाह थक्क झाला. “आज त रउआ बइठ गइलीं!”

“बोल मत, चला,” त्या म्हणाल्या.

घाट उलटे मागे सरकत होते. सगळीकडे घंटा, हर हर महादेव, झेंडू तरंगत जाणारे, दुसऱ्या नावांतले लोक आमच्याकडे बघून हात हलवणारे. त्या सणाच्या गलबल्यातून मी माझा एकेक श्वास मोजूनमापून घेत चालले होते. पोटातलं बाळ नावेत बसल्यापासून हललं नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वाटत होतं.

आत्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि त्यांचे हात थरथरत होते. साधेसुधे नाही, माझा अख्खा दंड हलत होता. मला त्यांची कीव आली. मी, जिला वाक्यही धड पुरं करता येत नव्हतं, मी म्हटलं, “आत्या... घाबरू नका. नाव पक्की आहे.”

“ही बिनकामाची आहे, पाण्याची,” आत्या म्हणाल्या. “तू तिकडे लक्ष देऊ नकोस. तू श्वास घे.”

मग मी तेच करत राहिले. त्यांच्या थरथरीकडे बघायचं, पाण्याला एवढं काय भ्यायचं असं मनात म्हणायचं, आणि श्वास घ्यायचा. असी येईपर्यंत मी माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी जास्त केली.

मोठ्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर शांत होता. प्राणवायू लावला, हृदयाचा आलेख काढला, छातीचा साधा फोटो काढला, आणि मग पायाची सोनोग्राफी. रक्ताची एक तपासणी असते, पण गरोदरपणी ती एरवीही वाढलेलीच येते, तिच्यावर विसंबता येत नाही, असं तो आत्यांशी बोलताना मी ऐकलं. जेलीचं यंत्र मांडीपासून पोटरीपर्यंत फिरलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, “पैर में तो क्लॉट नहीं दिख रहा.”

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथेच हात जोडले. “बाबा विश्वनाथाची कृपा! बघा ताई, काही निघालं नाही. उद्या लवंगलता तुमची. चला आता घरी.” नवऱ्याच्या चेहऱ्यावरही हसू आलं. मलाही वाटलं, सुटलो. त्या क्षणी मी आत्यांचा दुस्वास केला, कारण त्या एकट्याच हसत नव्हत्या.

“आता मला जास्त भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?” नवऱ्यानं विचारलं.

“पायात दिसली असती तर इथेच थांबलो असतो. उपचार तोच. दिसली नाही म्हणजे नाही असं नव्हे. वर ओटीपोटात, बाळाच्या आड जी शीर आहे, तिथे या यंत्राला नीट दिसत नाही. आणि हिचा श्वास तर तसाच आहे. आता छातीतच बघावं लागेल.”

तरुण डॉक्टरनं मान हलवली. त्याचंही तेच म्हणणं होतं. छातीचा सीटी स्कॅन, शिरेतून रंग सोडून. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पोटाकडे.

सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या. एरवी त्या आत्यांपुढे आवाज चढवत नसत. “पोटात मूल असताना किरणं? नाही ताई. साधा फोटो काढलात, मी गप्प राहिले. उद्या मूल वेडंवाकडं जन्मलं तर तुम्ही येणार आहात का सांभाळायला?”

मला वाटलं आत्या म्हणणार, बिनकामाची, सोडा. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

“ही भीती खोटी नाही,” त्या म्हणाल्या. “पण लहान आहे. बाळापर्यंत किरणं पोचतील ती फार थोडी, त्यानं बाळाला इजा होण्याची शक्यता अगदी कमी. किरणं हिच्या छातीला जास्त लागतील, तेही सांगते, लपवत नाही. आणि दुसरी भीती अशी, की छातीत गुठळी आहे आणि आपण घरी गेलो. दोन्ही समोरासमोर ठेवा आणि मोठी कुठली ते बघा.”

“मग तुम्हीच सांगा काय करायचं ते.”

“मी नाही. ही सांगेल.” आत्या माझ्या उशाशी आल्या. सकाळपासून सगळे माझ्याविषयी बोलत होते, माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. पहिल्या दिवशी विचारलं होतं तसंच त्यांनी विचारलं, “तुला कशाची भीती वाटतेय?”

“मरायची,” मी म्हटलं. “मला मरायची भीती वाटतेय, आत्या.”

म्हटलं आणि शरम वाटली. आईनं आधी बाळाचं नाव घ्यायला हवं होतं, नाही का? सासूबाई, नवरा, सगळे ऐकत होते. पण आत्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तू आहेस म्हणून ते आहे.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग त्याच पुढे झाल्या, आणि माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काळजीपूर्वक बाजूला सारल्या, नर्सला शीर सापडावी म्हणून.

सीटीच्या खोलीत कुणाला येऊ देत नाहीत. जड दार लागलं. एवढी थंडी, आणि शिरेतून तो रंग गेल्याबरोबर अंगभर ऊन ऊन काहीतरी पसरलं, घशापासून मांड्यांपर्यंत. आवाज आला, “सांस रोकिए.” ज्या बाईला श्वास मिळत नाही तिला म्हणतात रोखून धर. मी धरला. त्या कड्यातून पलंग सरकत असताना मी मनात कुठल्या देवाला नवस बोलले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की त्याच वेळी पोटात डावीकडून एक लाथ बसली. चांगली सणसणीत.

बाहेर आल्यावर फार वेळ थांबावं लागलं नाही. तरुण डॉक्टरनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, आत्या चष्मा वर करून बघत राहिल्या. मग माझ्याजवळ आल्या.

“सापडली. उजव्या फुप्फुसात.”

मी रडले. पण खरं सांगते, ते रडणं सुटकेचं होतं. सकाळपासून जी भीती घरभर, नदीभर माझ्यामागे फिरत होती, तिला आता एक जागा मिळाली होती. जागा कळली म्हणजे औषध लागू पडतं. आत्या भिंतीला टेकत टेकत खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, “कुणीतरी चहा आणा रे.”

नवऱ्यानं त्यांना घरी पोचवायला नाव ठरवली. आत्यांनी साफ नकार दिला. संध्याकाळच्या त्या गर्दीतून असीपासून दुर्गाघाटापर्यंत, घाटाघाटानं पायी चालत घरी गेल्या, वाटेत सांड दिसला की थांबत. त्यानंतर त्या पुन्हा कधी नावेत बसल्या नाहीत.

मला रोज पोटावर सुई टोचून घ्यावी लागली, बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे. सुई आत्या टोचायच्या. मुलगी झाली, दोन्ही हातांच्या मुठी वळून ओरडत आली. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. आणि तेव्हापासून सासूबाईंचंही एक वेड झालं. कुठलीही गरोदर बाई दिसली, देवळात, भाजीवालीपाशी, मंगला गौरीच्या पायऱ्यांवर, की ओळख असो नसो, त्या आधी तिच्या पायांकडे बघतात आणि विचारतात, “दोन्ही की एकच?” हिंदीतही विचारतात. बायका दचकतात. आत्यांना याचा फार अभिमान.

माझं स्वतःचं सांगायचं तर भीती गेली नाही. जिना चढताना मध्यावर मी आजही थांबते आणि एक पूर्ण श्वास घेऊन बघते, पोचतो का. आणि गल्लीत सांड आडवा असला की पानवाल्याच्या फळीशी आता तिघी उभ्या असतात. आत्या, माझी लेक, आणि मी. “अरे, कुछ नहीं करेगा,” येणारे-जाणारे म्हणतात. लेक त्यांना ठणकावून सांगते, “हम लोग डर रहे हैं, आप जाइए.”

लवंगलतेचं मात्र सांगायचं राहिलं. माझ्या वेळी ती यायचं कारणच नव्हतं, त्यांची भीती खरी ठरली होती. शेवटची सुई झाली त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या पायांत पुन्हा जोडवी घातली. दोन्ही पायांत, आणि दोन्ही सैल. मुलगी पाळण्यात झोपली होती. तेवढ्यात आत्या आल्या, हातात दोना.

मी हसले. “आत्या, चुकलात. माझ्या घरी कशाला? तुमची कुठली भीती खोटी ठरली?”

त्यांनी दोना माझ्या हातात दिला. पाळण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“त्या दिवशी नावेत माझे हात थरथरत होते बघ,” त्या म्हणाल्या. “ते पाण्यानं नव्हे. नाडी माझ्या बोटांखाली होती तुझी. मला वाटलं होतं, असी येईपर्यंत तू राहत नाहीस.”

इतक्या वर्षांत त्यांनी भीती लपवली ती तेवढी एकदाच. मी लवंगलतेचा एक घास घेतला, आणि मग माझेच हात थरथरायला लागले.